तळटीप : दवणा

१. दवणा : सूर्यफुलाच्या कुळातली, एका हंगामात आयुष्य संपणारी, जेमतेम गुडघ्याला लागेल एवढी सुगंधी वनस्पती. शास्त्रीय नाव आर्टेमिसिया पॅलेन्स. युरोपातले कडूजहर वर्मवुड, ज्यापासून ॲब्सिंथ हे मद्य करतात, ते याच प्रजातीतले. मात्र ते बहुवर्षायू, आणि त्याचा वास उग्र. दवण्याचा वास गोडसर, पिकल्या फळाची आठवण देणारा. मरवा नेहमी त्याच्या जोडीने उच्चारला जातो, पण तो तुळशीच्या कुळातला. दोघांचे नाते फक्त वेणीतले आणि परडीतले.

लेखकाने इथे दवण्याला ‘फूल’ म्हटले आहे. खरे तर देवाला वाहतात ती करडी, बारीक चिरलेल्यासारखी पाने आणि पिवळसर बोंडे असलेली आख्खी काडी. चैत्रात वाडी रत्नागिरीच्या जोतिबाला गुलालाबरोबर दवणा वाहतात, त्याचे कारण शेतातही सापडते. बी अतिशय बारीक, म्हणून वाळूत मिसळून दिवाळीच्या सुमारास वाफ्यात टाकतात. महिना-सव्वा महिन्याने रोपे लावतात. माघ-फाल्गुनात फुलोरा येतो, तेव्हाच सुगंध भरात असतो. त्या वेळी जोराचा पाऊस आला तर तेल घटते. कापलेला दवणा सावलीतच वाळवावा. उन्हात सुगंध उडतो. वाफेने काढलेले तेल अत्तरांत जाते आणि त्याचा मुख्य घटक दवण्यावरूनच दवानोन म्हणून ओळखला जातो.