उरलेले चोवीस दिवस

आजच्या भाषणाचा विषय आहे मोजण्याचा इतिहास. पैसे मोजण्याचा नाही, दिवस मोजण्याचा.

निफाड, दिंडोरी भागात द्राक्षाच्या कामाला जाणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, या बागेच्या छाटणीला किती दिवस झाले? ती लगेच सांगेल. गोडी छाटणी कधी झाली, घड कधी दिसले, विरळणी कधी करायची, जीएच्या पाण्यात घड कितव्या दिवशी बुडवायचे, सगळं तोंडपाठ असतं. दिवस चुकला तर मण्याची फुगवण बिघडते, हे तिला माहीत असतं. हे जीए म्हणजे झाडाचं संजीवक. आपल्या शरीरातही अशीच संजीवकं असतात. पुस्तकात त्यांना संप्रेरकं म्हणतात, डॉक्टर हार्मोन म्हणतात. तीही दिवसांच्या हिशोबानं कमी-जास्त होतात आणि त्यांच्या तालावर पाळी येते.

आता त्याच बाईला विचारा, तुमची मागच्या तीन महिन्यांतली पाळी कोणकोणत्या तारखेला आली? बहुतेक वेळा उत्तर येतं, "झाले असतील पंधरा-वीस दिवस." बागेचे दिवस पाठ आहेत, स्वतःचे नाहीत. यात त्या बाईचा दोष नाही. बाईचे दिवस कुणी मोजायचे आणि कशासाठी, हे फार पूर्वीपासून दुसरेच ठरवत आले.

जुन्या घरात पाळी आली की "कावळा शिवला" म्हणायचे. बाई बाजूला बसली की घरातल्या लहान पोरापासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना कळायचं. चार दिवस नीट मोजले जायचे. पाण्याच्या हंड्याला हात कधी लावायचा, देवघरात कधी जायचं, चुलीशी कधी बसायचं, यासाठी तो हिशोब होता. पाचव्या दिवशी न्हाणं झालं की मोजणी संपली. उरलेले चोवीस-पंचवीस दिवस शरीरात काय चाललंय, याची चौकशी कुणी करत नसे. चौकशी व्हायची ती एकदम, दिवस गेले की नाही, यासाठी.

जुन्या ग्रंथांतही मोजणी आहे. पाळी आल्यापासून सोळा रात्री हा ऋतुकाळ, त्यातल्या पहिल्या चार वर्ज्य, असं मनुस्मृतीत सांगितलं आहे. म्हणजे गर्भ राहण्याचा काळ पाळीनंतरच्या दिवसांत असतो, हे निरीक्षण तेव्हा होतं. पण त्याच्या पुढचं वाक्य आपलं नुकसान करून गेलं. सम रात्री मुलगा, विषम रात्री मुलगी. आजही काही ठिकाणी नव्या सुनेला हे कानात सांगितलं जातं. ते खरं नाही. मुलगा की मुलगी, हे पुरुषाच्या बीजावर ठरतं, रात्रीच्या आकड्यावर नाही.

आपलेच लोक चुकले असंही समजू नका. एकोणिसाव्या शतकात युरोपातले नामांकित डॉक्टरही याबाबत चुकले होते. प्राणी माजावर येतात तेव्हा मादीच्या अंगावरून थोडं रक्त जातं, हे पाहून त्यांनी ठरवलं की बाईचंही तसंच असणार. पाळीच्या आगेमागे गर्भ राहतो आणि मधले दिवस बिनधोक, असा सल्ला ते देत. खरी गोष्ट नेमकी उलट होती. मूल नको असणाऱ्या किती बायकांनी हा सल्ला पाळला असेल आणि त्यांना दिवस गेले असतील, याचा विचार करा.

खरा हिशोब लागला तो शंभर वर्षांपूर्वी. जपानमधले क्यूसाकू ओगिनो नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांनी १९२४ मध्ये आपला निष्कर्ष छापला. ऑस्ट्रियातले हर्मन क्नाउस स्वतंत्रपणे काम करून थोड्याच वर्षांत जवळपास त्याच उत्तराला पोचले. उत्तर असं होतं की बीज सुटण्याचा दिवस मागच्या पाळीपासून पुढे मोजून नक्की सापडत नाही. तो पुढच्या पाळीपासून मागे मोजावा लागतो. पुढची पाळी येण्याच्या साधारण १२ ते १६ दिवस आधी बीज सुटतं.

बागेत आपण छाटणीपासून पुढे मोजतो. इथं हिशोब उलटा आहे. जिची पाळी २८ दिवसांनी येते, तिचं बीज साधारण चौदाव्या दिवशी सुटेल. जिची ३५ दिवसांनी येते, तिचं एकविसाव्या दिवसाच्या सुमारास. म्हणून एकीचा हिशोब दुसरीला लागू होत नाही. ओगिनोंनी हे काम मूल हवं असणाऱ्यांसाठी उपयोगी मानलं होतं. मूल टाळण्यासाठी एवढ्यावर विसंबू नये, असं त्यांचं मत होतं. जगानं मात्र त्यांचं नाव नेमकं मूल टाळण्याच्या पद्धतीला दिलं.

त्याच काळात आपल्या महाराष्ट्रात गणिताचे एक प्राध्यापक हाच प्रश्न घेऊन उभे होते. रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ मध्ये निधन होईपर्यंत चालवलं. रघुनाथरावांचा भर दिवस मोजण्यापेक्षा साधनं वापरण्यावर होता. पण शरीराची माहिती बाईला मिळाली पाहिजे आणि मूल कधी हवं हे तिला ठरवता आलं पाहिजे, हे त्यांनी मराठीत, लाज न बाळगता लिहिलं. त्यासाठी नोकरी गेली, अश्लीलतेचे खटले झाले. एका खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली.

डिसेंबर १९३५ मध्ये वर्ध्याला आणखी एक मोठी चर्चा झाली. अमेरिकेतल्या संततिनियमनाच्या पुढारी मार्गारेट सँगर गांधीजींना भेटायला आल्या. साधनं वापरायला गांधीजींचा विरोध होता. ते संयम सांगत होते. सँगरबाई विचारत होत्या, नवरा ऐकत नसेल तर बाईनं काय करायचं? दोघांचं पटलं नाही. बिनधोक दिवस पाळण्याच्या पद्धतीला मात्र गांधीजींनी त्या मानानं कमी आक्षेप घेतला, कारण तीत निदान काही दिवस संयम असतो.

या चर्चेचा परिणाम स्वातंत्र्यानंतर दिसला. देशाच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर गांधीजींच्या अनुयायी होत्या. पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंबनियोजनासाठी ६५ लाख रुपये ठेवले गेले. पण अमृत कौर यांचा आग्रह होता की सरकारनं फक्त दिवस मोजण्याची नैसर्गिक पद्धतच शिकवावी. जागतिक आरोग्य संघटनेनं त्यासाठी डॉ. अब्राहम स्टोन यांना पाठवलं. दिल्लीची लोदी कॉलनी आणि बंगळूरजवळचं रामनगरम् या दोन ठिकाणी प्रयोग झाला. हे रामनगरम् आज रेशीमकोषांच्या बाजारासाठी ओळखलं जातं.

लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांना तारखा कशा लक्षात राहणार? म्हणून डॉ. स्टोन यांनी रंगीत मण्यांची माळ काढली. रोज एक मणी सरकवायचा. हिरवा मणी आला तर बिनधोक दिवस, लाल आला तर जपायचं. कल्पना चांगली होती, पण निकाल निराशेचा आला. कुणी मणी सरकवायला विसरली. कुणाला अंधारात रंग दिसेना. माळ जवळ असली म्हणजे झालं, असंही कुणाला वाटलं.

ही गोष्ट पुढे अडाणी बायकांची गंमत म्हणून सांगितली गेली. आपण ती दुसऱ्या बाजूनं पाहू. या बायकांना मोजता येत नव्हतं का? रेशमाच्या किड्यांचं एकेक दिवसाचं वय जपणं असो, नाहीतर आठवड्याच्या बाजाराचा हिशोब, खेड्यातली बाई मोजण्यात कधी मागे नव्हती. अडचण दुसरीकडे होती. माळ ठरावीक दिवसांची, पण पाळी दर महिन्याला तितक्याच दिवसांनी येते असं नाही. बाळंतीण, अंगावर पाजणारी, रक्त कमी असणारी, चाळिशी ओलांडलेली, सगळ्यांचा ताल वेगळा. आणि लाल मणी आला, तरी रात्रीचा निर्णय बाईच्या एकटीच्या हातात कुठे होता? सँगरबाईंनी वर्ध्याला विचारलेला प्रश्न तसाच राहिला होता. नवऱ्याला शिकवलं नाही, तर माळ काय करणार?

पन्नास वर्षांनी ही माळ पुन्हा आली. अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठानं अभ्यास करून ३२ मण्यांची नवी माळ केली. तिचा निकाल २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतात तिला मालाचक्र म्हणतात. जिची पाळी नेहमी २६ ते ३२ दिवसांच्या आत येते, तिनंच ती वापरायची. आठव्या ते एकोणिसाव्या दिवसापर्यंत जपायचं. नियम काटेकोर पाळले तर वर्षभरात १०० पैकी ५ बायकांना दिवस जातात, रोजच्या व्यवहारात साधारण १२ जणींना. म्हणजे ही पद्धत कामाची आहे, पण सगळ्यांसाठी नाही. गुप्तरोगापासून ती वाचवत नाही. ज्यांना अधिक खात्री हवी त्यांना सरकारी दवाखान्यात निरोध, तांबी, गोळ्या, अंतरा इंजेक्शन असे पर्याय विनामूल्य मिळतात.

मग आज आपण दिवस कशाला मोजायचे? मूल हवं की नको, एवढ्यासाठीच नाही. पाळीचा ताल हा संप्रेरकांचा आरसा आहे. थायरॉइड बिघडलं, अंडाशयात पीसीओएसचा त्रास सुरू झाला, पाळी जाण्याचं वय जवळ आलं, तर त्याची खूण बऱ्याचदा आधी तारखांत दिसते.

नैसर्गिक उपाय म्हटलं की आपल्याला मुळी, साल, काढा आठवतो. शतावरी, अशोकाची साल यांना आयुर्वेदात मान आहे. पण रस्त्याच्या कडेला लावलेला उंच, सरळ अशोक हा औषधाचा अशोक नाही. औषधाचा तो सीता-अशोक, केशरी-लाल फुलांच्या गुच्छांचा. बाजारातल्या सालीत भेसळ होते. म्हणून पुडी घेण्याआधी जाणत्या वैद्याला विचारा. गरोदर असाल तर मनानं काही घेऊ नका. आणि वैद्य असो की डॉक्टर, पहिला प्रश्न एकच विचारतात: पाळी कितव्या दिवशी येते?

या प्रश्नाचं उत्तर हातात नसेल तर किती मोठी किंमत मोजावी लागते, हे बीडनं दाखवलं. २०१९ मध्ये ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न पुढे आला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यात ऐन तरुण बायकाही होत्या. पाळीत खाडा झाला तर मजुरी कापली जाते आणि वर दंड बसतो, ही भीती होती. अंगावरून जातंय, पोट दुखतंय म्हणून गेलेल्या बाईला कर्करोगाची भीती दाखवली जात होती. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर संप्रेरकं एकदम तुटतात. अंगातून वाफा येतात, हाडं लवकर ठिसूळ होतात. ऑपरेशन काही वेळा खरंच लागतं. पण आधी तपासणी, औषधं आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचा हक्क आपल्याला आहे. सहा महिन्यांच्या तारखा लिहिलेला कागद हातात असला, की बोलायला बळ येतं.

म्हणून एवढं करा. भिंतीवरच्या कालनिर्णयावर आपण दुधाचे खाडे लिहितो, गॅसची टाकी कधी लावली ते लिहितो. तिथंच पाळी आली त्या तारखेला एक टिंब आणि थांबली त्या तारखेला एक टिंब द्या. एका पहिल्या टिंबापासून पुढच्या पहिल्या टिंबापर्यंतचे दिवस मोजा. २१ ते ३५ च्या आत असतील तर काळजी नको. नुकती पाळी सुरू झालेल्या मुलींचा अंतराळ पहिली काही वर्षं जास्त असू शकतो.

आता दवाखान्यात कधी जायचं ते ऐका. पाळी तीन महिने आलीच नाही तर. आठ दिवसांपेक्षा जास्त रक्त गेलं तर. तासा-दोन तासाला कपडा भिजू लागला तर. दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त गेलं तर. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर एक दिवसही थांबू नका.

आपल्या बचत गटात दर महिन्याला प्रत्येकीच्या रुपयाची नोंद होते. पुढच्या बैठकीत पासबुकं बाहेर निघतील तेव्हा आशाताईंनाही बोलवा आणि प्रत्येकीनं आपल्या टिंबांचे दिवस मोजून पाहा. सुनेला, लेकीलाही शिकवा. चार दिवस आजवर सगळ्या घरानं मोजले. उरलेले चोवीस आता आपण मोजू.