गल्ला, बिब्बा आणि बारकोड

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण सुरुवात एका कोटेशनपासून करतो.

माझ्या मामाचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. गेल्या पावसाळ्यात एक गिऱ्हाईक पावती घेऊन आलं आणि पावती चक्क कोरी! थर्मल कागद पाकिटाच्या प्लास्टिकच्या कप्प्यात दोन महिने दाबून राहिला होता, अक्षरं उडून गेली होती. मामा म्हणतो डिस्प्लेचे २,२०० ठरले होते, गिऱ्हाईक म्हणतं १,२००. दुकानातल्या कॉम्प्युटरवर नुसतं नाव आणि 'डिस्प्ले गेला' एवढंच. शेवटी मामानं १,२०० घेतले. तो डिस्प्ले त्याला स्वतःलाच १,६०० ला पडला होता.

त्याच आठवड्यात एका विक्रेत्याचं कोटेशन आलं. रिपेअरिंगच्या दुकानासाठीचं सॉफ्टवेअर, आणि त्याला जोडायला स्कॅनर, पावतीचा प्रिंटर, लेबलचा प्रिंटर, कॅश ड्रॉवर, गिऱ्हाइकाकडे तोंड केलेला छोटा स्क्रीन, मेसेज पाठवायचं पॅकेज. मामा म्हणाला, "तू कॉम्प्युटर इंजिनिअर ना? मग सांग, यातलं काय घेऊ?" आता मी दिवसभर ऑफिसात कोड लिहितो, पण गल्ल्याचा ड्रॉवर कॉम्प्युटरला कसा जोडतात हे मला ठाऊक नव्हतं. म्हणून वाचायला बसलो आणि मागे मागे जात थेट १८७८ ला पोचलो.

अमेरिकेत ओहायो राज्यात डेटन नावाचं गाव आहे. तिथे जेम्स रिटी यांचा दारूचा गुत्ता होता. धंदा चांगला, पण नोकर गल्ल्यातले पैसे खिशात घालायचे. १८७८ मध्ये रिटी बोटीनं युरोपला निघाले. बोटीवर त्यांना एक यंत्र दिसलं. पंखा किती वेळा फिरला ते मोजणारं. त्यांच्या डोक्यात आलं, पंख्याचे फेरे मोजता येतात तर विक्री का नाही? परत येऊन भावाबरोबर त्यांनी यंत्र बनवलं आणि १८७९ मध्ये पेटंट घेतलं. पहिल्या यंत्राला पैसे ठेवायचा खण नव्हताच! घड्याळासारखी तबकडी आणि दोन काटे, एक डॉलरचा, एक सेंटचा. खण आणि घंटी नंतर आली. खण उघडला की घंटी वाजणार, म्हणजे मालकाला कळणार. (आपल्या वडापावच्या गाडीवरचा 'इतके रुपये प्राप्त हुए' म्हणणारा डबा आहे ना, तो या घंटीचा पणतू.) हा धंदा १८८४ मध्ये जॉन पॅटरसन यांनी विकत घेतला आणि कंपनीचं नाव पडलं नॅशनल कॅश रजिस्टर, म्हणजेच एनसीआर.

ड्रॉवरचं उत्तर मला इथेच मिळालं. गल्ल्यावर पगारी माणूस बसतो आणि मालक आत असतो, त्या दुकानासाठी तो जन्मला. मामा स्वतःच गल्ल्यावर बसतो आणि निम्मे पैसे यूपीआयनं येतात. आणि हो, गंमत म्हणजे बहुतेक ड्रॉवर कॉम्प्युटरला जोडतच नाहीत. टेलिफोनच्या वायरीसारखी वायर पावतीच्या प्रिंटरमागे खोचायची. सॉफ्टवेअर प्रिंटरला आज्ञा देतं आणि प्रिंटर ड्रॉवरला विजेचा एक झटका देतो. ही आज्ञांची भाषा एप्सन कंपनीनं केली, तिचं नाव ईएससी-पॉस. स्वस्तातले प्रिंटरही तीच भाषा बोलतात. म्हणून प्रिंटर घेताना त्याला ही भाषा कळते का, एवढं विचारलं की पुढे सॉफ्टवेअर बदललं तरी प्रिंटर भंगारात जात नाही.

आता स्कॅनर. १९४८ मध्ये फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल संस्थेत बर्नार्ड सिल्व्हर यांच्या कानावर एका किराणा साखळीच्या प्रमुखाची अडचण पडली. काउंटरवर मालाची नोंद आपोआप व्हायला हवी होती. सिल्व्हर आणि त्यांचे मित्र नॉर्मन जोसेफ वुडलँड कामाला लागले. वुडलँड यांना मोर्स कोड येत होता. मायामीच्या किनाऱ्यावर बसून त्यांनी वाळूत बोटांनी रेघा ओढल्या आणि मोर्सचे ठिपके-रेघा लांबवल्या, तोच बारकोड. पेटंट १९५२ मध्ये मिळालं. पण दुकानात तो पोचायला बावीस वर्षं गेली. २६ जून १९७४ ला ओहायोतल्याच ट्रॉय गावच्या सुपरमार्केटमध्ये च्युइंगगमचं पाकीट पहिल्यांदा स्कॅन झालं. ट्रॉय डेटनपासून साधारण तीस किलोमीटर, आणि यंत्रणा कोणाची? एनसीआरची!

पण थांबा, इथे एक मोठा फरक आहे आणि विक्रेता तो सांगत नाही. च्युइंगगमच्या सगळ्या पाकिटांवर एकच नंबर असतो. किराण्याला 'हे काय आहे' एवढंच हवं असतं. मामाला 'हे कोणाचं आहे' हवं असतं. एकाच मॉडेलचे दोन काळे फोन, दोघांचेही डिस्प्ले फुटलेले, एक अण्णांचा, एक शेजारच्या ताईंचा. सुपरमार्केटचा बारकोड इथे काही कामाचा नाही.

हा खरं तर धोब्याचा प्रश्न आहे. शंभर पांढरे सदरे, कोणाचा कुठला? आपल्याकडे धोबी बिब्ब्याच्या रसानं कपड्याच्या कोपऱ्यात खूण करायचे, वर चुना लावला की ती धुऊनही जात नसे. इंग्रजीत बिब्ब्याचं नावच 'खुणेचं फळ' असं आहे. आता आपण 'कामात बिब्बा घातला' म्हणतो, पण धोब्याच्या कामात बिब्बा असल्यावरच काम धड होत होतं.

मामाचा बिब्बा म्हणजे लेबल. फोन हातात आला की लगेच जॉब नंबरचं लेबल छापायचं आणि फोनच्या पिशवीवर चिकटवायचं. मी त्याला रिबनवाला प्रिंटर सुचवला, कारण रिबनची छपाई उन्हानं, हाताच्या तेलानं तशी सहज उडत नाही. जोडीला आयएमईआय नंबर नोंदवायचा. तो १५ अंकी असतो आणि शेवटचा अंक आधीच्या चौदांवरून हिशोबानं येतो. ही रीत आयबीएमच्या हान्स पीटर लून यांची, पेटंट १९६० चं. टाइप करताना एक अंक चुकला तर सॉफ्टवेअरला लगेच कळायला हवं. मी डेमोमध्ये मुद्दाम एक अंक बदलून टाकला. त्यानं निमूट घेतला! विक्रेता म्हणाला, "ते नंतर ॲड करता येईल." तिथेच ते सॉफ्टवेअर माझ्या यादीतून गेलं.

स्कॅनर मात्र साधा निघाला. पूर्वी तो कीबोर्ड आणि कॉम्प्युटरच्या मध्ये पाचरीसारखा बसायचा, आज यूएसबीनं जोडतात, पण अजूनही स्वतःला कीबोर्डच म्हणवतो. नंबर टाइप केल्यासारखा येतो, म्हणून जवळपास कुठल्याही सॉफ्टवेअरशी जमतं. फक्त क्यूआर वाचणारा घ्यायचा, मोबाईलच्या स्क्रीनवरचाही वाचेल असा. क्यूआर १९९४ मध्ये जपानमध्ये निघाला, तोही मोटारीच्या सुट्या भागांच्या नोंदीसाठी.

राहिला २,२०० आणि १,२०० चा वाद. त्यावर १८७२ च्या भारतीय करार कायद्यात उत्तर सापडलं. दुरुस्तीला दिलेली वस्तू दुकानदाराकडे विश्वासानं सोपवलेली असते, ती स्वतःच्या वस्तूसारखी जपायची. आणि कलम १७० प्रमाणे, वेळेत आणि ठरल्याप्रमाणे काम केलं असेल तर मजुरी मिळेपर्यंत वस्तू ठेवून घ्यायचा हक्क त्याला आहे. कायद्यातलं उदाहरण हिऱ्याला पैलू पाडणाऱ्याचं आहे. पण मजुरी किती ठरली हेच दाखवता येत नसेल, तर हक्क घेऊन करायचं काय?

म्हणून मामानं सगळ्यात जास्त पैसे ज्यावर घातले ती वस्तू काउंटरवर दिसतच नाही. फोन घेताना चार बाजूंचे फोटो, ठरलेली रक्कम आणि गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर जाणारा मेसेज. त्यानं 'हो' कळवलं की मगच फोन उघडायचा. यात एक कटकट आहे. आपल्याकडे धंद्याच्या एसएमएसचा मजकूर आधी नोंदवावा लागतो, त्यात मामाचे पंधरा दिवस गेले आणि शिव्या मी खाल्ल्या.

ड्रॉवर आणि छोटा स्क्रीन घेतला नाही. मामाचा गल्ला अजून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातच आहे, आणि झाकण उघडताना तो आवाज करतोच.

चला, भेटू पुढच्या भागात.