कांचेचीं प्राणिपात्रें : सांचा अस्सल, माल मागाहूनचा

वस्तूवर तारीख उमटलेली दिसली कीं तिचा काळ ठरला, असें मानण्याचा मोह संशोधकास सहज होतो. नकलेंत मूळ सनदेची तारीख जशीच्या तशी उतरलेली असते, व नक्कल केव्हां झाली हें कागद, शाई व वळण यांवरूनच काढावें लागतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. अमेरिकेंत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघालेल्या प्राण्यांच्या आकाराच्या झांकणदार कांचपात्रांबद्दलही हाच प्रश्न उद्भवतो. हीं पात्रें संग्राहकांच्या विशेष आवडीचीं असल्यामुळें नामनिर्देशाची चूक येथें किंमतीचीही चूक होते.

हीं पात्रें सांच्यांत दाबून केलेल्या कांचेचीं, बहुधा दुधी रंगाचीं असतात. खालीं लंबगोल वाडगें, त्याची बाजू टोपलीच्या विणीसारखी किंवा कड जाळीदार. वर झांकण म्हणून घरट्यावर बसलेली कोंबडी, बदक, ससा अथवा मांजर. जेवणाच्या टेबलावर तीं शोभत, आणि मोहरीची चटणी भरूनही तीं विकलीं जात.

यांतील सर्वांत नांवाजलेलीं पात्रें पिट्सबर्ग येथील ॲटरबरी आणि कंपनीचीं. तिच्या सशाच्या पात्रावर ९ मार्च १८८६, बदकावर १५ मार्च १८८७ व रानडुकराच्या मुंडक्यावर २९ मे १८८८ अशा तारखा आढळतात. या पेटंटच्या तारखा होत. पात्र ओतल्याच्या नव्हेत. त्यांवरून एवढेंच निघतें कीं, तें पात्र त्या दिवसापूर्वींचें नाहीं. किती मागाहूनचें, याविषयीं तारीख मुकी आहे.

याहून अवघड प्रकरण सांच्यांचें. लोखंडी सांचा कारखान्याहून दीर्घायुषी असतो. पेन्सिल्व्हानियांतील मॅकी कारखान्याचे कांहीं जुने सांचे केंपल नांवाच्या कारखान्याकडे गेले. हा कारखाना १९४५ सालीं ओहायोंतील ईस्ट पॅलेस्टाइन येथें निघाला. त्यानें त्या सांच्यांतून जो माल काढला, त्यास नक्कल म्हणावें कीं अस्सल? आमच्या मतें मुद्रा अस्सल, पण कागद नवा, असा हा प्रकार आहे. पिसांच्या रेषा मोजून येथें कांहींच साधत नाहीं; कांचेचा रंग व पोत यांकडेच वळलें पाहिजे. केंपलच्या कांहीं नगांवर ‘के’ हें अक्षर असतें, पुष्कळांवर नसतें. वेस्टमोरलंडनें १९४९ च्या सुमारास, व इंपीरियलनें १९५१ पासून आपापलीं जोडाक्षरी चिन्हें सांच्यांत घातलीं; तीं असल्यास माल मागाहूनचा हें निश्चित. मात्र चिन्ह नाहीं म्हणून पात्र जुनें, हा युक्तिवाद टिकणारा नव्हे. तळावरील ओरखडे पुष्कळजण पुराव्यादाखल पुढें करतात. परंतु ओरखडे पाडावयास अर्धा तास पुरतो.

नांवाचा शिक्काही सावधपणें वाचावा लागतो. लॉरेनमधील व्हॅलेरीस्तालचें नांव कांहीं पात्रांवर स्पष्ट उमटलेलें असतें, व त्यांस सरसहा फ्रेंच म्हणतात. पण तो प्रांत १८७१ पासून १९१८ पर्यंत जर्मन साम्राज्यांत होता. शिवाय १८७२ सालीं त्या कारखान्याचा फ्रान्समधील पोर्तिओच्या कारखान्याशीं संयोग झाला.

आणखी एक गोष्ट. मॅकी व वेस्टमोरलंड या दोहोंचीं लहान पात्रें सुमारें साडेपांच इंच लांबीचीं असल्यामुळें एकाचें झांकण दुसऱ्याच्या वाडग्यावर बसूं शकतें. मॅकीच्या वाडग्याच्या उभ्या धारा दुभंगलेल्या असतात. त्यावर कोणती कोंबडी बसली आहे, हें वेगळें तपासावें. झांकण व वाडगें हे दोन स्वतंत्र साक्षीदार होत. त्यांच्या कांचेची छटा उजेडांत शेजारींशेजारीं धरून पाहावी, कडेवरील बैठक डुगडुगते काय तें पाहावें, आणि मगच त्यांची जबानी एकत्र वाचावी.

म्हणून संग्रहालयाच्या नोंदवहींत ‘ॲटरबरी, १८८७’ एवढेंच लिहूं नये. ‘बदक, दुधी कांच, पेटंटची तारीख १५ मार्च १८८७, झांकण व वाडगें एकाच छटेचें, ओतल्याचा काळ अनिश्चित’ अशी नोंद आम्ही सुचवितों.