उपग्रह संकेतग्राहकाची विश्वासार्हता : 'साइट' प्रयोगापासून घरगुती सर्व्हरपर्यंत

अहोरात्र चालणाऱ्या घरगुती सर्व्हरसाठी उपग्रह ट्यूनर निवडताना विश्वासार्हता नेमकी कशात शोधावी, हा प्रस्तुत निबंधाचा मर्यादित प्रश्न आहे. अध्यापकांच्या दृष्टीने तो केवळ हौसेचा नाही. २०१७ साली 'स्वयंप्रभा'च्या ३२ शैक्षणिक वाहिन्या उपग्रहावरून विनाशुल्क सुरू झाल्या. पाचोडसारख्या गावी ही व्याख्याने मुद्रित करून विद्यार्थ्यांना उपलब्ध करून द्यावयाची, तर ग्रहणयंत्र वर्षानुवर्षे विनातक्रार चालले पाहिजे.

या प्रश्नाचा पहिला मोठा अनुभव १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळातील 'साइट' प्रयोगाने दिला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेडी त्यात होती. महाराष्ट्र नव्हता, मराठवाड्याच्या सीमेवरील गुलबर्गा जिल्हा मात्र होता. प्रयोगाची धुरा कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस यांच्याकडे होती. 'नासा'चा एटीएस-६ उपग्रह शक्तिशाली असल्याने खेड्यातील यंत्रणा साधी ठेवता आली : तीन मीटर व्यासाची तारजाळीची ॲन्टेना, एक परिवर्तक आणि सामुदायिक संच. तरीही उसना उपग्रह मुदत संपताच गेला आणि सुस्थितीतील संचांनाही त्यावरील संकेत उरला नाही. यंत्राचे आयुष्य यंत्राबाहेर ठरते, हे तेव्हाच दिसले होते.

दुसरे उदाहरण आपल्याच पैठण तालुक्यातील आहे. चितेगाव येथे कारखाना असलेल्या व्हिडिओकॉनने २००९ मध्ये डी-टू-एच सेवा सुरू केली आणि पुढे उपग्रह-ग्राहक आतच बसविलेले दूरचित्रवाणी संच विकले. सोय मोठी होती. परंतु असा ग्राहक एकाच सेवेच्या सांकेतिक कुलुपाशी बांधलेला होता. मार्च २०१८ मध्ये ती सेवा डिश टीव्हीत विलीन झाली, तर त्याच वर्षी मूळ कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. संच विकणारा आणि सेवा देणारा यांच्या वाटा अशा वेगळ्या झाल्यावर ग्राहकाला दाद कोठे मागावी, हे उघडच अवघड होते.

म्हणून सर्व्हरसाठी ट्यूनर घेताना छापील गुणवैशिष्ट्यांपेक्षा तो कोणावर अवलंबून आहे हे प्रथम पाहावे. सशुल्क सेवांचे सांकेतिक संकेत साध्या ट्यूनर कार्डावर उलगडत नाहीत. त्यामुळे उपयोग मुक्त वाहिन्यांपुरताच. कार्ड डीव्हीबी-एस२ मानकाचे असावे. त्याचा चालक लिनक्सच्या मूळ गाभ्यात समाविष्ट असावा. केवळ उत्पादकाच्या संकेतस्थळावरील चालक पुढील आवृत्तीत निरुपयोगी ठरू शकतो. छत्रीवरील एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट ट्यूनरच पुरवितो, ही बाब खरेदीत हमखास दुर्लक्षिली जाते. यूएसबीच्या तुटपुंज्या विजेवर हे भागत नाही. स्वतंत्र अडॅप्टर हवाच. मुसळधार पावसात केयू पट्ट्यातील संकेत तुटतो, त्याचा दोष मात्र ट्यूनरला देऊ नये.

आमच्याकडे वीज जाते-येते. २०१२ मध्ये पुढे आलेल्या सॅट-आयपी पद्धतीत ट्यूनर सर्व्हरच्या पेटीबाहेर, जाळ्यावर राहतो. तो अडकला तर सर्व्हर बंद न करता त्याचाच पुरवठा तोडून जोडता येतो. खरेदीपूर्वी विक्रेत्याकडे एक चाचणी आग्रहाने मागावी : चालू मुद्रणात वीज खंडित करावी आणि ती परत आल्यावर कोणीही हात न लावता संकेत पुन्हा लागतो का, ते पाहावे.