न्हाणे आणि माखणे : महाराष्ट्रातील आंघोळीचा इतिहास

‘न्हाऊमाखू घालणे’ या मराठी जोडशब्दात त्वचा जपण्याची जुनी रीत साठलेली आहे. माखणे म्हणजे अंगाला तेल किंवा लेप लावणे आणि न्हाणे म्हणजे पाण्याने ते धुऊन स्वच्छ होणे. त्वचेला स्निग्धता देणे आणि तिच्यावरचा मळ काढणे ही एकाच आंघोळीची दोन अंगे मानली जात. तेल, उटणे, कढत पाणी हा तिचा क्रम होता. साबण आल्यावर ही दोन अंगे एकमेकांपासून सुटली.

या क्रमाचे शास्त्र आयुर्वेदाच्या ग्रंथांत सापडते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अभ्यंगाचे, म्हणजे अंगाला तेल चोळण्याचे, महत्त्व सांगताना तीन दाखले दिले आहेत: तेल मुरलेला घडा, तेल चोळलेले कातडे आणि वंगण दिलेला गाडीचा आस. या वस्तू जशा तेलाने टिकाऊ होतात, तसे शरीरही बळकट होते आणि त्वचा चांगली राहते, असे तेथे म्हटले आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या दिनचर्येच्या अध्यायात रोज अभ्यंग करावा आणि डोके, कान व तळपाय यांना विशेष करून तेल लावावे, असे सांगितले. मात्र कफाचा विकार किंवा अजीर्ण असताना तेल वर्ज्य ठरवले. चूर्णाने अंग चोळण्याला त्याने उद्वर्तन म्हटले आहे. गरम पाणी मानेखाली घेतल्याने बळ वाढते, पण डोक्यावर घेतल्यास केस आणि डोळे यांना ते बाधते, असा इशाराही त्याने दिला. ‘अंगावरून पाणी घेणे’ आणि ‘डोक्यावरून न्हाणे’ हा भेद मराठी घरांतही पाळला जाई. बायकांचे न्हाणे आठवड्यातून ठरलेल्या दिवशी होई.

राजवाड्यात हीच रीत थाटाची झाली. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात मानसोल्लास हा संस्कृत ज्ञानकोश रचला. आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग त्याच्या राज्यात होता. राजाच्या उपभोगांमध्ये या ग्रंथाने स्नानालाही स्वतंत्र स्थान दिले.

सामान्य घरांत मात्र माखायला काय मिळे, ते मुलूख ठरवी. किनाऱ्यावर नारळ, म्हणून खोबरेल. देशावर तीळ पिके, म्हणून तिळेल. थंडीत देशावरची हवा कोरडी पडते, ओठ उलतात, टाचांना भेगा पडतात. नेमक्या त्याच दिवसांत येणाऱ्या संक्रांतीला धर्मशास्त्राने तिळाचे सहा उपयोग सांगितले. त्यांत तिळाचे उटणे लावणे आणि तीळ घातलेल्या पाण्याने स्नान करणे हेही आहे. कोकणात आणि गोव्यात भेगांवर भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचे तेल, लावत. वाळवलेल्या बिया फोडून आतला गर कुटायचा, पाण्यात उकळायचा, वर तरंगणारे तेल काढून घ्यायचे आणि निवल्यावर मुठीत धरून त्याचे गोळे वळायचे. हे तेल एरवी घट्ट राहते आणि अंगाच्या उबेने मऊ होते. त्यामुळे गोळा हातात धरून सरळ टाचेवर घासता येई. खरूज आणि गजकर्णावर करंजाच्या बियांचे कडू करंजेल लावत.

तेल उतरवण्यासाठी उटणे. आंबेहळद, गव्हला-कचोरा, नागरमोथा, वाळा, चंदन, संत्र्याची वाळलेली साल आणि मसुराचे किंवा हरभऱ्याचे पीठ ही त्यातली नेहमीची द्रव्ये. ती कुटून वस्त्रगाळ करत आणि पाण्यात, दुधात किंवा तेलात कालवत. पीठ जास्तीचे तेल शोषून घेते, भरड कण मृत पेशी सोडवतात आणि सुगंधी मुळ्या घामाचा वास घालवतात. केसांसाठी शिकेकाई आणि रिठा होते. या दोन्ही फळांत सॅपोनिन नावाची फेस आणणारी द्रव्ये असतात, म्हणून त्यांनी तेलकटपणा निघतो.

न्हाणीघरात तांब्याचा बंब, घंगाळ आणि पितळी वज्री असे. वज्रीचा तळ खरबरीत असतो आणि तो टाचा घासायला वापरत. पण हे सारे ऐपतीच्या घरचे. तेल महाग होते आणि कष्टकऱ्यांना रोज अंगाला चोळण्याइतके ते परवडत नसे. नदीकाठचा खडबडीत दगड हीच त्यांची वज्री होती. बाळ-बाळंतिणीच्या बाबतीत मात्र, घर साधे असले तरी, होईल तेवढे तेल राखले जाई. बाळाला मालिश करून, डाळीचे पीठ आणि साय लावून न्हाऊ घालणे हा अनुभवी बायांचा पेशाच होता. आजचे बालरोगतज्ज्ञ हलक्या हाताने तेल लावायला सहसा हरकत घेत नाहीत, पण नवजात बाळाची त्वचा नाजूक असल्याने पिठाने घासू नये असे सांगतात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विलायती साबण बाजारात आला. लिव्हर बंधूंचा ‘सनलाइट’ 1888 मध्ये कोलकात्यात उतरला. विलायती साबणात जनावरांची चरबी असे, म्हणून अनेक घरांनी तो बराच काळ दूर ठेवला. मुंबईत आर्देशिर गोदरेज यांनी पहिल्या महायुद्धानंतर वनस्पती तेलाचा अंगाचा साबण काढला. त्यामुळे ही अडचण दूर झाली आणि स्वदेशीच्या चळवळीने त्याला बळ दिले. 1934 मध्ये लिव्हरचा शिवडीचा कारखाना सुरू झाला. शहरात चाळीच्या सामायिक मोरीत बंब पेटवून, तेल मुरवत बसायला जागा नव्हती आणि गिरणीच्या भोंग्यापुढे वेळही नव्हता. साबणाची वडी मिनिटात काम करी.

या सोयीची किंमत त्वचेने मोजली. साबण अल्कधर्मी असतो आणि त्याचा सामू साधारण 9 ते 10 भरतो. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग 5 च्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल असतो. साबणाने मळाबरोबर त्वचेची नैसर्गिक स्निग्धताही जाते, ओलावा टिकत नाही आणि अंग ओढल्यासारखे होते. आधी माखलेल्या अंगाला हा त्रास कमी होई. नुसते न्हाणे उरल्यावर तो वाढला. दुसरीकडे, साबणाने हातावरचे रोगजंतू निघतात. उटण्याच्या भरवशावर ते काम सोडता येत नाही.

रोजचा अभ्यंग असा आक्रसत नरक चतुर्दशीच्या पहाटेपुरता उरला. त्या दिवशी तेल आणि उटणे लावून स्नान करतात आणि कोकण-गोव्यात कारीट हे कडू फळ पायाने फोडतात. टाटा ऑइल मिल्सच्या ‘मोती’ साबणानेही याच पहाटेशी आपले नाव जोडून घेतले. हळदही लग्नातील हळदीच्या समारंभात टिकली. तिच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत 1995 मध्ये पेटंट दिले गेले. तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे पुरावे सादर केले आणि 1997 मध्ये ते रद्द करवले. आजीच्या डब्यातली पूड अशी कायदेशीर पुरावा ठरली.

आता त्वचारोगतज्ज्ञ सौम्य साबण, कोमट पाणी आणि आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच मलम किंवा तेल लावणे, असा सल्ला देतात. यात माखण्याची जागा न्हाण्याच्या आधीऐवजी नंतर आली आहे, पण जोडशब्दातले दोन्ही शब्द पुन्हा एकत्र आले आहेत.