शिंपला की ब्रॅकिओपॉड? फोनवरच तपासा

कच्छच्या ज्युरासिक खडकातल्या एका जीवाश्माचा फोटो मी ओळख सांगणाऱ्या अ‍ॅपमध्ये टाकला. उत्तर आलं, शिंपला. तेच लेबल लावलं आणि फसलो! तो ब्रॅकिओपॉड निघाला, म्हणजे संघच वेगळा.

शिंपल्याची दोन झाकणं साधारणपणे एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात. ब्रॅकिओपॉडची दोन झाकणं वेगळी, पण प्रत्येकाची डावी-उजवी बाजू सारखी. म्हणून बिजागरी वर ठेवून झाकणाचा समोरून फोटो काढा आणि एडिटरमध्ये आडवा फ्लिप करा. आकार तसाच दिसला तर बहुधा ब्रॅकिओपॉड. मग कडेनेही एक फोटो घ्या, त्यात झाकणांचा फुगीरपणा कमी-जास्त दिसतो.

कालवं मात्र हा नियम पाळत नाहीत. दबून वाकड्या झालेल्या नमुन्यावर तर ही टेस्ट करूच नका.