कालियाचा रंग कोणता?

लालबागच्या आमच्या खोलीत शाडूचा नाग पाहून शेजारच्या काकूंनी विचारलं, "यंदा गणपतीऐवजी नागोबा?"

तो कालिया होता, दादासाहेब फाळक्यांच्या १९१९च्या 'कालिया मर्दन'मधला. फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' इथून जवळच, दादरला केला. १९१३मध्ये तो गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. 'कालिया मर्दन'च्या वेळी ते नाशिकला होते. त्यात कृष्ण झाली त्यांची लहानगी मंदाकिनी. जे. जे. आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या या माणसाला चित्र, शिल्प, फोटो काहीच परकं नव्हतं.

मला त्या नागाचं डोकं हवं होतं. शाडूवर सिलिकॉनचा साचा घेतला, त्यात पॉलियुरेथेन रेझिन ओतलं. जुलैचा दमटपणा भोवला. ओल लागली की या रेझिनमध्ये वायू तयार होतो. डोकं घावनासारखं जाळीदार निघालं. पाऊस सरल्यावर पुन्हा ओतलं, तेव्हा जमलं.

मग रंगाशी अडलो. सिनेमा कृष्णधवल. शिवाय त्या काळी सर्रास वापरली जाणारी फिल्म लाल रंग टिपत नसे: लाल काळपट उमटे, निळा फिकट. म्हणजे पडद्यावरचा काळा नाग प्रत्यक्षात लालही असू शकेल! हिरवा रंग मारला असता, तर सगळ्यांना तोच खरा वाटला असता. पुढे कदाचित मलाही.

म्हणून तो पडद्यावर दिसतो तसाच, करड्या छटांत रंगवला.

काकू अजून विचारतात, "रंग कधी देणार रे?"